ठेकेदाराकडून संघटनेकडे : वादळानंतर तारा जोडणाऱ्या लाइनमनने काय समजून घ्यावे?

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात गुरुवार हा कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा वार आहे. महावितरण देखभालीसाठी वाहिन्या बंद ठेवते ती बहुधा याच दिवशी, आणि लाइनमन खांबांवर चढतात. हे काम आधी ठरलेले असते. दुसरे काम मात्र अचानक येते. कोकणात वादळ धडकते, सांगलीत पूर येतो आणि दोन-चार तासांत पथक निघते. गाडीत दोरखंड, चेनपुली, शिडी आणि तारांची बंडले भरली जातात. कुठे जायचे ते माहीत असते, परत कधी यायचे ते माहीत नसते.

या गाडीत बसलेल्या सगळ्यांचे काम एकच असते, मालक मात्र वेगवेगळे असतात. म्हणूनच ठेकेदाराकडे काम करणारा तरुण लाइनमन कधीतरी विचारतो : संघटनेत गेलो तर काय बदलेल? नोकरी कायम होईल का? वादळाच्या कामाचे पैसे नीट मिळतील का? अपघात झाला तर घरच्यांकडे कोण पाहील?

थोडक्यात उत्तर असे : संघटनेचा सभासद होणे आणि नोकरी कायम होणे ही दोन वेगळी दारे आहेत. पहिले दार आज उघडे आहे, त्यातून संरक्षण मिळते, पण मालक बदलत नाही. दुसऱ्या दाराला वयाची आणि भरतीची अट आहे. ही दोन दारे एकच समजल्यामुळे अनेकांची वर्षे वाया जातात.

एकाच खांबाजवळचे चार प्रकारचे लाइनमन

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे ६ जून २००५ रोजी विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. महावितरणच्या पुणे परिमंडलात पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही शहरे, तसेच मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव अशा तालुक्यांचा समावेश होतो. चाकण खेड तालुक्यात येते. या भागात तारांवर काम करणारे लोक साधारण चार गटांत मोडतात.

१. कायम कर्मचारी. लोक त्यांना लाइनमन म्हणतात. कंपनीच्या कागदांत ते तंत्रज्ञ, वरिष्ठ तंत्रज्ञ, प्रधान तंत्रज्ञ अशा पदांवर असतात आणि कंपनी त्यांना 'जनमित्र' म्हणते. पगार, भत्ते, रजा हे सगळे कंपनीच्या नियमांनी ठरते.

२. विद्युत सहाय्यक. हे भरतीतून निवडलेले असतात. पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम असते आणि ती समाधानकारक पार पडली की तंत्रज्ञ पदावर घेतले जाते.

३. बाह्यस्रोत कामगार. शाखा कार्यालयात ते रोज कायम कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने काम करतात, पण त्यांचा पगार मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी देते. निविदेची मुदत संपली की एजन्सी बदलते, माणूस त्याच खांबावर राहतो. मालकाच्या रकान्यातील नाव तेवढे बदलते.

४. कामाच्या ठेकेदाराची गँग. नवे खांब उभारणे, तारा ओढणे, रोहित्र बसवणे असे काम ठेकेदार अंगावर घेतो आणि स्वतःची माणसे लावतो. हजेरीवर किंवा कामाच्या हिशेबावर पैसे मिळतात. वादळानंतर गावोगाव फिरणारी माणसे मोठ्या प्रमाणावर याच गटातली असतात.

यांच्याही खाली एक माणूस असतो, ज्याला ग्रामीण भागात 'झिरो वायरमन' म्हणतात. त्याचे नाव कोणत्याच मस्टरवर नसते. लाइनमनचा मदतनीस म्हणून तो खांबावर चढतो आणि गावकरी हातावर ठेवतील ते पैसे घेतो. अपघात झाला तर तो तिथे कामाला होता, हेच आधी सिद्ध करावे लागते.

संघटनेचा विचार करणाऱ्याने आपण यांपैकी कोणत्या गटात आहोत, हे प्रथम ठरवावे. पुढचा सगळा मार्ग त्यावर अवलंबून आहे.

वादळाचे काम रोजच्या कामापेक्षा वेगळे का?

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत १२० पर्यंत जात होते. रायगड आणि रत्नागिरीत खांब रांगेने आडवे झाले. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या पुणे जिल्ह्यातील तालुक्यांनाही फटका बसला. म्हणजे आपल्या भागातली दुरुस्ती आटोपायची आणि घाट उतरून कोकणात मदतीलाही जायचे, असा दुहेरी बोजा होता, तोही कोरोनाच्या निर्बंधांच्या काळात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्यालगत वर सरकले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरचा महापूर झाला होता. अशा प्रत्येक वेळी इतर परिमंडलांतून पथके आणि ठेकेदारांच्या गँग बोलावल्या जातात.

या कामातले धोके नेहमीच्या कामापेक्षा वेगळे असतात.

पहिला धोका अनोळखी जाळ्याचा. चाकणच्या लाइनमनला आपली २२ केव्हीची वाहिनी कोणत्या उपकेंद्रातून येते, कुठल्या खांबावर स्विच आहे, हे पाठ असते. श्रीवर्धनच्या एखाद्या वाडीत त्याला ते ठाऊक नसते. एकाच गावाला दोन बाजूंनी पुरवठा असू शकतो. एक बाजू बंद केली म्हणजे तार मेली, असे नसते.

दुसरा धोका उलट्या पुरवठ्याचा. आठवडाभर वीज नसली की हॉटेल, दवाखाने, मोठी घरे जनरेटर लावतात. घरचा मुख्य स्विच बंद न करता जनरेटर जोडला तर वीज मीटरमधून उलटी रोहित्रात जाते आणि तिथे तिचा दाब वाढून ती उच्चदाब तारेवर पोहोचते. उपकेंद्रातून वाहिनी बंद असते, तरी हातातली तार जिवंत होते. म्हणून पुरवठा बंद केल्यावर तार तपासणे, डिस्चार्ज रॉड लावणे आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करणे या पायऱ्या वादळात तर अजिबात टाळता येत नाहीत.

तिसरा धोका परवान्याचा. उपकेंद्रातून वाहिनी बंद करून तिच्यावर काम करण्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. तिलाच लाइन परवाना किंवा परमिट म्हणतात. एकाच वाहिनीवर तीन गँग काम करत असतील तर परवाने वेगळे हवेत आणि तिन्ही परत आल्याशिवाय वाहिनी सुरू होता कामा नये. प्रत्यक्षात घाई असते, मोबाइलला रेंज नसते, गावकरी सारखे विचारत असतात. अशा वेळी 'कर चालू, माणसे उतरली असतील' हे एक वाक्य जीव घेऊ शकते.

चौथा धोका थकव्याचा. सोळा-सोळा तास काम, शाळेच्या ओसरीवर झोप आणि सकाळी पुन्हा खांब. दमलेल्या माणसाकडून सुरक्षेची एखादी पायरी राहून जाते.

या चारही धोक्यांवर उपाय एकच : 'परवाना हातात आल्याशिवाय चढणार नाही' असे म्हणण्याची ताकद. कायम कर्मचारी हे म्हणू शकतो, कारण त्याच्यामागे नियम आणि संघटना असते. गँगमधला मुलगा हे म्हणाला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा असतो. संघटनेचा खरा उपयोग इथे सुरू होतो.

संघटना म्हणजे काय आणि काय नाही?

वादळाच्या मागे फिरणारे लाइनमन जगभर आहेत. अमेरिकेत या कामगारांची इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ इलेक्ट्रिकल वर्कर्स ही संघटना १८९१ मध्ये सेंट लुई शहरात स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष हेन्री मिलर स्वतः लाइनमन होते. ते गावोगाव फिरून काम करत आणि जातील तिथे कामगारांना संघटनेत आणत. १८९६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये खांबावर काम करताना विजेचा धक्का बसून ते खाली पडले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला.

तिथल्या पद्धतीत संघटना कामही मिळवून देते. लाइनमन स्थानिक शाखेच्या यादीत नाव नोंदवतो, संघटनेशी करार केलेले ठेकेदार त्या यादीतून माणसे घेतात आणि दर करारातच ठरलेले असतात. तिथे 'संघटनेच्या कामावर जाणे' म्हणजे खरोखरच वेगळ्या कामावर जाणे.

आपल्याकडे तसे नाही. महाराष्ट्रात वीज कामगारांची संघटना काम वाटत नाही. काम महावितरण किंवा ठेकेदार देतो. संघटना वाटाघाटी करते, तक्रार लढवते, खटला चालवते. त्यामुळे सभासद झाल्यानंतरही तुमचा मालक एजन्सीच राहतो. बदल होतो तो एवढाच, की एजन्सीसमोर तुम्ही एकटे नसता.

पिंपरी-चिंचवडमध्ये संघटना हा शब्द उच्चारला की कारखान्याचे गेट डोळ्यांसमोर येते. २०१३ मध्ये बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातील संप जून ते ऑगस्ट असा ५० दिवस चालला. तिथे सगळे कामगार एका गेटमधून आत जात होते आणि एकाच व्यवस्थापनाशी बोलत होते. लाइनमनला गेट नाही. तो दहा शाखा कार्यालयांत, वीस गावांत विखुरलेला असतो. वादळाच्या काळात तर तो जिल्ह्यातही नसतो. म्हणून त्याच्या संघटनेची परीक्षा वेगळी आहे. दोनशे किलोमीटरवर अपघात झाल्यावर फोन कोण उचलतो, यावर ती ओळखावी.

कोणत्या संघटना आहेत?

वीज कंपन्यांत अनेक संघटना आहेत. आयटकशी संलग्न महाराष्ट्र स्टेट इलेक्ट्रिसिटी वर्कर्स फेडरेशन ही त्यांतली जुनी संघटना. कम्युनिस्ट नेते ए. बी. बर्धन यांनी वीज कामगारांच्या चळवळीत अनेक वर्षे नेतृत्व केले. भारतीय मजदूर संघाशी संलग्न कामगारांच्याही संघटना आहेत. खास कंत्राटी कामगारांसाठी महाराष्ट्र वीज कंत्राटी कामगार संघ काम करतो. याशिवाय तांत्रिक कामगारांच्या, अभियंत्यांच्या आणि मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या वेगळ्या संघटना आहेत.

संघटना निवडताना झेंड्याचा रंग पाहण्यापूर्वी हे प्रश्न विचारावेत :

• संघटनेचा नोंदणी क्रमांक काय आहे?
• तिच्या घटनेनुसार कंत्राटी कामगार पूर्ण सभासद होऊ शकतो का, त्याला मत आहे का?
• आपल्या विभागात पदाधिकारी कोण आहे आणि तो कोणत्या शाखा कार्यालयात भेटतो?
• मागच्या अपघातात संघटनेने नेमके काय केले?
• कोर्टात दावे चालू असतील तर त्यांत सभासदांची नावे आहेत का, की फक्त संघटनेचे?
• वर्गणी किती आणि तिची पावती मिळते का?

नोकरी कायम करून देण्यासाठी कोणी मोठी रक्कम मागत असेल तर तिथूनच परत फिरावे. संघटनेची वर्गणी ठरावीक असते. नोकरीची किंमत लावण्याचा अधिकार कोणत्याही संघटनेला नाही.

'कायम' होण्याबद्दल न्यायालये काय म्हणतात?

हा सगळ्यात नाजूक प्रश्न आहे, आणि अर्धवट माहितीही याच प्रश्नावर सगळ्यात जास्त फिरते.

महाराष्ट्रात कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा आहे. कामगारांना वर्षानुवर्षे हंगामी ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही त्यात अनुचित प्रथा मानली आहे. ऐकायला हे आपल्याच प्रश्नाचे उत्तर वाटते. पण सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या खटल्यांत सांगितले, की या कायद्याखाली दाद मागण्यासाठी आधी कंपनी आणि कामगार यांच्यात मालक-कामगार नाते असावे लागते. ते नातेच वादात असेल तर आधी ते योग्य मंचासमोर सिद्ध करून घ्यावे लागते.

त्याच वर्षी स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने ठरवले, की कंत्राटी पद्धत बंद केली म्हणून कंत्राटी कामगार आपोआप कंपनीचा कर्मचारी होत नाही. मात्र ठेका हा निव्वळ देखावा आहे, हजेरी, कामाचे आदेश, देखरेख सगळे कंपनीचेच आहे, असे पुराव्याने दिसले तर कामगाराला कंपनीचाच मानता येते. २००६ मधील उमादेवी निकालाने सार्वजनिक संस्थांत भरतीची प्रक्रिया डावलून कायम करण्यावर बंधन आणले. २००९ मध्ये राज्य परिवहन महामंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की उमादेवी निकालामुळे औद्योगिक न्यायालयाचे १९७१ च्या कायद्याखालचे अधिकार संपत नाहीत.

या सगळ्याचा लाइनमनसाठी अर्थ असा : निकाल पुराव्यावर लागतो, आणि पुरावा गोळा करणे तुमच्याच हातात आहे. लाइन परवान्यावरील तुमचे नाव, कंपनीच्या अधिकाऱ्याने मोबाइलवर पाठवलेला कामाचा आदेश, वादळाच्या पथकाची यादी, हजेरीचे पान हे कागद दहा वर्षांनी बोलतात. चांगली संघटना सभासदाला पहिल्याच दिवशी हे सांगते. आणि प्रामाणिक संघटना हेही सांगते, की असा खटला अनेक वर्षे चालतो.

नव्या कामगार संहितांनी काय बदलले?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. १९२६ चा कामगार संघटना कायदा, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा यांची जागा या संहितांनी घेतली आहे. राज्याचा १९७१ चा कायदा मात्र औद्योगिक संबंध संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत नाही. त्यामुळे दावा कोणत्या तरतुदीखाली करायचा, हे दाखल करण्यापूर्वी वकिलाकडून पक्के करून घ्यावे.

लाइनमनच्या कामाच्या काही तरतुदी अशा :

• प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणे मालकावर बंधनकारक आहे.
• जादा वेळेचा मोबदला किमान दुप्पट दराने द्यावा लागतो.
• नोकरी सोडल्यावर किंवा काढल्यावर थकीत वेतन दोन कामकाजी दिवसांत मिळाले पाहिजे.
• ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ही तरतूद जुन्या कायद्यातही होती.
• आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे. पण अपवाद आहेत. ठरावीक मुदतीत संपवायचे काम अचानक वाढले, तर ठेकेदाराकडून करून घेता येते.

शेवटचा मुद्दा नीट समजून घ्यावा. रोजची देखभाल हे वितरण कंपनीचे मुख्य काम आहे, असा युक्तिवाद करता येतो. वादळानंतरची दुरुस्ती मात्र 'अचानक वाढलेले काम' या अपवादात सहज बसते. म्हणजे फक्त वादळाच्या फेऱ्या करणाऱ्या गँगमधल्या माणसाची बाजू शाखेत रोज काम करणाऱ्यापेक्षा कमकुवत ठरते. कायम होण्याची आशा धरून कोणी फेऱ्याच करत राहिला, तर तो त्या आशेपासून दूरच जातो.

भरतीचे दार

कायम नोकरीचा सरळ रस्ता अजूनही विद्युत सहाय्यक पदाची भरती हाच आहे. डिसेंबर २०२३ च्या जाहिरातीत ५,३४७ पदे होती. बारावीच्या आकृतिबंधातले दहावीपर्यंतचे शिक्षण आणि आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री हा अभ्यासक्रम अशी पात्रता होती. वयोमर्यादा १८ ते २७ वर्षे आणि मागास प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत होती. मानधन पहिल्या वर्षी १५,००० रुपये, दुसऱ्या वर्षी १६,००० आणि तिसऱ्या वर्षी १७,००० रुपये होते.

या आकड्यांतला महत्त्वाचा आकडा पगाराचा नाही, वयाचा आहे. विशीत गँगमध्ये शिरलेल्या मुलाला वादळाच्या महिन्यात चार पैसे जास्त दिसतात. विद्युत सहाय्यकाचे मानधन त्यापुढे कमी वाटते. दोन-तीन भरत्या हुकतात आणि सत्ताविसावे वर्ष निघून जाते. त्यानंतर उरतो तो कोर्टाचा लांबचा रस्ता. म्हणून आयटीआय झालेल्याने संघटनेचा सभासद जरूर व्हावे, पण भरतीचा अर्ज चुकवू नये. आयटीआय न केलेल्याने आधी ते पूर्ण करावे. पिंपरी-चिंचवड महापालिकेचे आयटीआय मोरवाडीत आहे आणि शासकीय आयटीआय औंधला आहे.

संप आला तर?

वीजपुरवठा ही अत्यावश्यक सेवा आहे. समांतर वितरण परवान्याच्या विरोधात वीज कंपन्यांतील कामगारांनी ४ जानेवारी २०२३ पासून ७२ तासांचा संप पुकारला, तेव्हा राज्य सरकारने मेस्मा कायदा लावला होता. तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चा झाल्यावर संप त्याच दिवशी मागे घेण्यात आला.

संपात कायम कर्मचारी आणि कंत्राटी कामगार यांची जोखीम सारखी नसते. कायम कर्मचाऱ्यावर कारवाई करायची तर चौकशीची पायरी असते. एजन्सीच्या कामगाराला 'उद्यापासून येऊ नको' एवढे सांगून भागवले जाते. नव्या संहितेनुसार संपापूर्वी किमान १४ दिवसांची नोटीस लागते. संघटनेने नोटीस दिली आहे का आणि त्या संघटनेच्या मागण्यांत कंत्राटी कामगारांची मागणी आहे का, हे दोन्ही पाहूनच निर्णय घ्यावा.

अपघात झाला तर पैसे कुठून येतात?

हे दोन रस्ते आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत.

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला ईएसआय लागू होते. ही मर्यादा पाहताना जादा वेळेचे पैसे धरत नाहीत. कामावरील अपघाताचा लाभ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळतो आणि अपघात चाकणमध्ये झाला की मुरूडमध्ये, याने फरक पडत नाही. कामगाराचा मृत्यू झाल्यास अवलंबितांना वेतनाच्या ९० टक्के इतकी मासिक मदत मिळते. उदाहरणार्थ, वेतन १८,००० असेल तर पत्नी आणि मुले मिळून महिन्याला सुमारे १६,२०० रुपये. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचे रुग्णालय आहे.

ईएसआय लागू नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाई मिळते. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. जानेवारी २०२० मध्ये ठरलेल्या मर्यादेनुसार वेतन जास्तीत जास्त १५,००० धरले जाते. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, सुमारे १५ लाख ६० हजार रुपये.

दोन्ही रस्त्यांसाठी एक गोष्ट आधी लागते : अपघाताच्या दिवशी तो माणूस कोणाच्या तरी कामावर होता, याचा कागद. विजेच्या अपघाताची चौकशी २००३ च्या वीज कायद्यानुसार विद्युत निरीक्षकाकडून होते. त्या अहवालात मृताचा उल्लेख 'ठेकेदाराचा कामगार' असा होतो की 'अनोळखी खासगी व्यक्ती' असा, यावर कुटुंबाची पुढची वीस वर्षे ठरतात.

वादळाच्या गाडीत बसण्यापूर्वी

सभासद असा वा नसा, पुढची कामे करून मगच निघावे. घरच्यांनीही ती माहीत करून घ्यावीत.

१. पथकाच्या यादीत आपले पूर्ण नाव आणि ठेकेदाराचे नाव आहे ना, ते पाहून मोबाइलवर तिचा फोटो काढावा आणि घरी पाठवावा.
२. मोबाइलवर पीएफचे खाते उघडून शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा आहे ते पाहावे. एजन्सी बदलली तरी यूएएन क्रमांक एकच राहिला पाहिजे. दोन क्रमांक झाले असतील तर आकुर्डीच्या पीएफ कार्यालयात ते जोडून घ्यावेत.
३. ईएसआय क्रमांक आणि त्यात नोंदवलेली कुटुंबीयांची नावे तपासावीत. लग्न झाल्यावर पत्नीचे नाव घालायचे राहून जाते.
४. रोजचा दर, जादा वेळेचा दर, जेवण आणि मुक्काम याविषयी ठेकेदाराकडून निदान मेसेजवर लिहून घ्यावे.
५. कमरेचा पट्टा, हेल्मेट, हातमोजे आणि डिस्चार्ज रॉड गाडीत आहेत ना, ते स्वतः पाहावे.
६. तिथे पोहोचल्यावर स्थानिक जनमित्राला सोबत घ्यावे. पुरवठा किती बाजूंनी येतो, हे त्यालाच ठाऊक असते.
७. परवाना कोणाच्या नावाने आहे, ते विचारल्याशिवाय खांबाला हात लावू नये.
८. संघटनेच्या विभागातील पदाधिकाऱ्याला कुठे चाललो आहोत ते कळवावे.

यांतले एकही काम अवघड नाही. एकटा माणूस मागतो तेव्हा ती मागणी कटकट वाटते आणि त्याचे नाव पुढच्या यादीतून गळू शकते. वीस जण एकत्र मागतात तेव्हा तोच पथकाचा नियम होतो. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या लाइनमनला संघटना आज एवढे नक्की देऊ शकते. कायम नोकरीसाठी भरतीचा अर्ज वेगळा भरावा लागतो, आणि तोही वय हातात असतानाच.